बाहेरच्या शॉवरमधली हाक

खोटंच सांगायचं असतं, तर याचा शेवट तरी मी नीट जुळवून आणला असता.

तो जुळत नाही. ग्लेनिसने मला जे सांगितलं, तिच्या नवऱ्याने जे सांगितलं, आणि नंतर तिच्या लेकीने एकदा दबक्या आवाजात जे सांगितलं... तेवढंच इथे लिहिते आहे.

ग्लेनिस माझी शेजारीण. हसरी, बडबडी बाई. पण हा विषय निघाला की तिचा आवाज खाली जातो.

घटना मे महिन्यातली, म्हणजे आमच्याकडे हिवाळा तोंडावर आलेला. गाव कॉर्बी हेड. सिडनीहून दक्षिणेला किनाऱ्याकिनाऱ्याने निघालं की लागतं. ईस्टरची गर्दी पांगली होती. किनाऱ्यावरची लाल-पिवळी निशाणं उतरवून जीवरक्षक घरी गेले होते. आइस्क्रीमवाल्यानेही दुकान बंद केलं होतं. अशा दिवसांत तिथे घरं स्वस्तात भाड्याने मिळतात, म्हणून ग्लेनिस, तिचा नवरा रॉस आणि मुलगी शोना आठवडाभरासाठी निघाले.

गाडीतच मायलेकींचं वाजलं.

शोनाला कॉलेज सोडून मैत्रिणीबरोबर मेलबर्नला जायचं होतं.

"जा की," ग्लेनिस म्हणाली. "कोण अडवतंय? फक्त नंतर रडत माझ्या दारात येऊ नकोस."

बोलून गेली खरी. पण उरलेला सगळा रस्ता शोनाने तोंड उघडलं नाही. तिथल्या घरी पोचल्यावर ती आपली बॅग घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

घर साधंच होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे व्हरांडा, मागे वाळूचं टेकाड. टेकाडापलीकडे समुद्र. समुद्रावरून आल्यावर अंगावरची वाळू धुवायला घराच्या कडेला एक उघडा शॉवर होता. तीन बाजूंना फळ्या, पुढे डोक्याच्या उंचीचं झडपेचं दार.

रॉस बिअर आणायला गावात गेला. ग्लेनिस स्वयंपाकघरात उभी राहून कोळंबी सोलत होती. ऊन उतरलं होतं.

तेवढ्यात...

बाहेर पाणी सुरू झालं.

फळ्यांवर पाणी आपटल्याचा आवाज. मग पाय घासल्याचा.

ग्लेनिसला वाटलं, आपलं लक्ष नसताना शोना पोहून आली असेल.

"जपून गं!" ती खिडकीतून ओरडली. "टाकीचं पाणी आहे, संपलं तर रात्री चहाचीही पंचाईत!"

पाणी बंद झालं.

आणि मग...

"आई, टॉवेल दे ना."

शोनाचाच आवाज. जरा लाडात आलेला.

ग्लेनिस मला म्हणाली, "खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, चला, बोलली एकदाची!"

घरून आणलेला हिरवा टॉवेल बाहेर दोरीवर टाकला होता. तिने बाहेर जाऊन तो ओढला आणि झडपेच्या वरून आत धरला. आतून एक ओला हात आला. बोटांना बोटं लागली.

बर्फासारखी गार.

"गोठशील की, कारटे! लवकर ये आत, चहा टाकते," असं म्हणून ती आत आली.

स्वयंपाकघरात शोना उभी होती.

डोळे चोळत. केस कोरडे. गालावर उशीची वळी उमटलेली.

"कोणाशी बोलत होतीस?" शोनाने विचारलं.

ग्लेनिस तशीच बाहेर धावली. शॉवरचं दार लोटलं.

आत कोणी नव्हतं.

खालची फरशी कोरडी ठाक. कोपऱ्यात वाळलेल्या पानांचा ढीग. आणि वरच्या नळाला... चावीच नव्हती. पाइपाचं तोंड बूच मारून बंद केलेलं. त्यावर गंज चढला होता.

टॉवेल मात्र गेला होता.

रॉस परत आल्यावर सगळं ऐकून हसला. "बिअर आणायला मी गेलो आणि चढली तुला? अगं, कोणीतरी सर्फर पोरगा असेल. टॉवेल घेऊन पळाला."

"आणि पाणी?"

"समुद्राचा आवाज तो. दमली आहेस, झोप आता."

ती झोपली नाही. पण रात्रभर काहीच झालं नाही.

सकाळी शेजारचा म्हातारा आल्फ कुंपणापाशी मासे साफ करत होता. त्याचा सगळा जन्म त्याच गावात गेला होता. रॉस चहाचा कप घेऊन त्याच्याशी गप्पा मारत उभा राहिला. ग्लेनिसही तिथे गेली.

"काल इथे कोणी भुरटं फिरत होतं का हो?" रॉसने विचारलं. "हिच्या हातातून टॉवेल गेला. त्या शॉवरमध्ये."

आल्फने मान वर केली नाही. "त्याला पाणी नाही. मालकाने मुद्दाम तोडलंय."

"मुद्दाम का?" ग्लेनिसने विचारलं.

तो मासा खरवडत राहिला. मग म्हणाला, "मागितला कोणी टॉवेल?"

"हो."

"कोणाच्या आवाजात?"

आवाजाबद्दल कोणीच काही बोललं नव्हतं.

"माझ्या मुलीच्या," ती म्हणाली.

आल्फचा सुरा थांबला.

"आणि तुम्ही दिलात?"

"दिला."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "कुठे आहे मुलगी?"

"ती मघाशीच पोहायला गेली," रॉस म्हणाला. "का हो?"

"आणा तिला! जा आधी, आणा!"

ग्लेनिस धावत सुटली. मागून रॉसच्या हातातला कप फुटल्याचं तिने ऐकलं. समुद्राची गाजही टेकाडाच्या अलीकडे चांगली ऐकू येत होती.

ती टेकाडाच्या माथ्यावर पोचली...

आणि गाज थांबली.

लाटा येत होत्या. फुटत होत्या. फेस पसरत होता. पण आवाज नव्हता. सीगल वाळूवर बसले होते, सगळ्यांच्या चोची समुद्राकडे. एकही ओरडत नव्हता.

आख्ख्या किनाऱ्यावर माणूस नव्हतं.

शोना कंबरभर पाण्यात होती. पोहत नव्हती. चालत होती... आत, सरळ आत. कोणीतरी समोर उभं असावं तशी.

"शोना!" ग्लेनिस ओरडली.

"शोना!"

दुसरी हाक समुद्राकडून आली होती.

आवाज ग्लेनिसचाच. पण तो प्रतिध्वनी नव्हता. कारण पुढच्या खेपेला तो तिच्या आधी आला.

"इकडे ये, बाळा," समुद्राकडून आलं.

"इकडे ये, शोना!" ग्लेनिस ओरडली.

शोना वळली. किनाऱ्याकडे पाहिलं. मग समुद्राकडे. पुन्हा किनाऱ्याकडे. तिचा चेहरा रडवेला झाला होता. आणि मग ती समुद्राच्या दिशेने आणखी आत गेली.

ग्लेनिसला तेव्हा एकच कळलं. आपण जे ओरडू, तेच तिकडूनही येणार. आणि तिकडून ते जास्त गोड येणार.

तिने तोंड बंद केलं.

बूट, स्वेटर, सगळ्यासकट ती पाण्यात घुसली. तिला पोहता येत नाही. पाणी छातीला लागलं, पायाखालची वाळू सरकू लागली. तिने शोनाचा दंड धरला. शोना किंचाळली. नखांनी ओरबाडू लागली. आईला ओळखतच नसल्यासारखी. तेवढ्यात रॉस पोचला. दोघांनी मिळून तिला ओढत आणलं.

पाणी गुडघ्याखाली आलं, आणि गाज एकदम परत आली. इतक्या जोरात, की रॉसने कानांवर हात ठेवले.

पाण्यात कोणी नव्हतं. रॉस शपथेवर सांगतो. त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं.

सामान कसंबसं कोंबून ते निघाले. जाताना ग्लेनिस आल्फच्या दारात गेली. तिला त्याला विचारायचं होतं, निदान आभार तरी मानायचे होते. त्याने दार उघडलं नाही. खिडकीच्या काचेतून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

मग त्याने पडदा ओढून घेतला.

शोना पुढे मेलबर्नला गेली. ग्लेनिसने अडवलं नाही.

गेल्या नाताळात ती घरी आली होती. दुपारी मी त्यांच्या मागच्या पायरीवर तिच्याबरोबर बसले होते. आत ग्लेनिस भांडी धूत होती, काहीतरी गुणगुणत होती. शोनाने आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे सरकली.

"पाण्यात आई उभी होती," ती म्हणाली. "आमचा हिरवा टॉवेल दोन्ही हातांत पसरून. मी लहान असताना पोहून आले की धरायची, तसा. म्हणत होती, 'चुकले गं मी. असं बोलायला नको होतं. ये.'"

"आणि किनाऱ्यावर?"

"किनाऱ्यावरही आईच होती. ती ओरडत होती. मग एकदम गप्प झाली. एक शब्द नाही... नुसती माझ्याकडे बघत पाण्यात शिरली. तेव्हा पाण्यातली आई रडायला लागली. म्हणाली, 'तिच्याबरोबर जाऊ नकोस. ती मी नाही.'"

मी हसण्याचा प्रयत्न केला. "अगं, पण ती खोटी होती ना! तुझ्या खऱ्या आईने तर तुला वाचवलं."

"हो. तसंच असणार."

आतलं गुणगुणणं थांबलं होतं.

"मी सगळ्यांना हेच सांगते," ती अगदी हळू म्हणाली. "पण तुम्ही रोज बघता तिला. तुम्हाला ती आधीसारखीच वाटते ना?"

मी होकारार्थी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही. मी या गल्लीत राहायला आले, ती त्या मे महिन्यानंतर.

त्याआधीची ग्लेनिस मी पाहिलेलीच नाही.