पुसद क्लबातला मुका कीबोर्ड

"माझा अडॅप्टर कोणं नेला?"

अंकुर ओरडला तेव्हा राजदीप गिटारच्या तारा जुळवत होता. कार्यक्रमाला तासभर उरला होता. हॉलमध्ये खुर्च्या लागत होत्या, बाहेर समोशांची कढई चढली होती, आणि हुरुपामुळं राजदीपच्या घशाखाली सकाळपासून घास उतरला नव्हता.

बँड चौघांचा. गायला खुशी, ऑक्टोपॅडवर बादल, गिटारवर राजदीप आणि कीबोर्डवर दिग्रसचा अंकुर. जुनी हिंदी गाणी वाजवायचे. लग्नं झाली, गणपती झाले; पण पुसदच्या क्लबात आज पहिल्यांदाच. क्लबचे सचिव सदाशिवराव आधी तयार नव्हते. अंकुरनंच त्यांना छातीठोक सांगितलं होतं, "आम्ही रेकॉर्ड लावून उभे राहत नाही, काका. सगळं हातानं वाजवतो."

आता तोच कीबोर्ड स्टँडवर मुका पडला होता.

"याची पिन वेगळी येते. पुसदात भेटणार नाही," अंकुर म्हणाला. "काका, पुढच्या शनिवारी ठेवा कार्यक्रम. दुसरा इलाज नाही."

"पुढच्या शनिवारी कायले? माह्या भाच्याचा डीजे आहे ना! एक फोन केला की हजर!" सदाशिवरावांचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेलासुद्धा.

राजदीप स्टेजवरून उडी मारून खाली आला. पहिल्या रांगेत दीपाताई येऊन बसली होती. दिवसा तो तिच्याकडेच कामाला होता. लग्नाआधीच्या चौकश्या, विम्याची भानगड, हरवलेली माणसं. पुसदात खासगी तपास करणारी ती एकटीच.

"ताई, काही कर. डीजे आला तर आपण मेलो!"

"आधी शांत हो. साउंड चेकला काही झालतं?"

"काहीच नाही. मस्त झाला. फक्त अंकुर जुन्या पट्टीत शिरला. खुशीचा घसा बसला म्हणून काल तालमीत पट्टी उतरवली होती, तेच विसरला. खुशी गाता गाता थांबली, तरी याचा कीबोर्ड आपला दोन ओळी पुढं! आम्ही लय हसलो."

"त्याचे हात तुले दिसत होते?"

"हात कसे दिसतीन? स्टँडसमोर कापड लावलं आहे ना."

दीपानं मान हलवली आणि सदाशिवरावांना गाठलं.

"सचिवसाहेब, साउंड चेकनंतर तुम्ही स्टेजवर गेलते?"

"मी? बाई, मी तेव्हापासून दारात पाहुण्यांचं स्वागत करून राह्यलो. विचारा कोणालेही. डीजे बरा वाटते मले, हे खरं. पण म्हणून चोरी करीन का?"

खुशी आरशासमोर गजरा माळत होती. "मी तयारीला इकडे आली, तेव्हा राजदीप खाली खुर्च्या लावत होता. स्टेजवर अंकुर अन् बादल दोघंच होते. मंग बादल चहा प्यायला गेला."

बादल आधीच तापलेला होता. "काल मले उशीर झाला, तर यानं सगळ्यासमोर झापलं. म्हणून का मी अडॅप्टर चोरीन? अन् आज उशिरा कोण आलं? हाच! रोज गाडीनं येते. आज म्हणे गाडी बिघडली, एस.टी.नं आलो."

"बादलची बॅग पाहा ना," अंकुर हळूच म्हणाला.

बादलनं बॅग जमिनीवर पालथी केली. काठ्या, पाण्याची बाटली, रुमाल. राजदीपनं सगळ्यांच्या बॅगा तपासल्या, अंकुरचीही. अडॅप्टर कुठंच नव्हता.

अंकुर घामानं निथळत होता. "अरे, ते जॅकेट तरी काढ," खुशी म्हणाली.

"राहू दे. स्टेजचा ड्रेस आहे."

"राजदीप, कीबोर्ड उलटा करून पाह्य," दीपा म्हणाली. "खाली काही अडकलं असंन."

राजदीपनं तो उचलून पालथा केला. "नाही ताई. एक झाकण आहे नुसतं."

दीपानं एकदा वाकून पाहिलं आणि ती बाहेर निघून गेली. हॉल भरत चालला, तसा बादलनं स्टेजचा पडदा ओढून घेतला. राजदीपला वाटलं, ताईनंही हात टेकले. सदाशिवरावांनी मोबाइल कानाला लावला.

तेवढ्यात ती धापा टाकत परत आली. हातात कागदी पुडी होती.

"फोन ठेवा साहेब! या कीबोर्डले अडॅप्टर लागतच नाही. झाकणाखाली बॅटऱ्या बसतात. समोरच्याच दुकानात भेटल्या!"

खुशीनं किंचाळून टाळ्या पिटल्या. बादलनं हवेत काठी उडवली. राजदीपला तर ताईला उचलून घ्यावंसं वाटलं.

एकटा अंकुर पांढराफटक पडला होता.

दीपा त्याच्याकडेच पाहत होती. "वाद्य तुझं. बॅटरीवर चालते हे तुले माहीत नसंन, असं होत नाही. मंग बोलला काहून नाही?"

"घाईत... सुचलं नाही."

"साउंड चेकपासून सांगते. काल पट्टी बदलली तेव्हा तू तालमीत होता. वाजवणारा माणूस चुकून जुन्या पट्टीत जाईनही. पण गाणारी थांबली की त्याचे हात थांबतात. तुझा कीबोर्ड थांबला नाही, कारण हात चालतच नव्हते. सरावासाठी कीबोर्डमधी भरून ठेवलेली जुनी धून तू लावून देली. कापडामागं कोणाले दिसते?"

"अन् तो हसला आमच्यासोबत!" राजदीप पुटपुटला.

"हसला, पण समजून चुकला की असं अख्खा कार्यक्रम निभत नाही. बादल चहाले गेला, तुझ्याशिवाय स्टेजवर कोणी उरलं नाही. बॅगा पाहून झाल्या. अंगावरचे खिसे कोणी पाह्यले नाही. आता राह्यलं, हात काहून चालत नव्हते. गाडी सोडून एस.टी.नं आला. एवढ्या गरमीत जॅकेट काढत नाही. कुठी पडला, अंकुर?"

अंकुर खाली बसला. डाव्या हातानं त्यानं आतल्या खिशातून अडॅप्टर काढला, मग उजवी बाही वर सरकवली. मनगट सुजून टम्म झालं होतं.

"सकाळी निघालो, तर घराजवळच गाडी घसरली. हातानं वाजवतो म्हणून मीच बढाई मारली होती. आता कोणत्या तोंडानं सांगू, हातच चालत नाही म्हणून? वाटलं, आठवडाभर ढकललं तर बरा होईन."

"अन् मी चोर ठरलो असतो तर?" बादलनं विचारलं.

"चुकलं, बादल. लय चुकलं."

पडद्यापलीकडून टाळ्यांचा ठेका सुरू झाला होता. पब्लिक उतावीळ झालं होतं.

"डावा हात चालते ना?" राजदीपनं एकदम विचारलं. स्वतःचाच आवाज त्याला अनोळखी वाटला. "तू डाव्यानं नुसते सूर धर. उजव्या हाताचं सगळं मी गिटारवर घेतो."

"तू? सुरुवातीची धूनही?"

"तालमीत ऐकून ऐकून बोटात बसली आहे!"

खुशीनं ओढणी काढून अंकुरचं मनगट घट्ट बांधलं. सदाशिवरावांनी मोबाइल खिशात घातला आणि पडद्याची दोरी हातात घेतली. सगळे बादलकडे पाहू लागले. तो ऑक्टोपॅडमागं जाऊन बसला.

"कार्यक्रम झाल्यावर सरळ दवाखान्यात नेतो तुले," तो अंकुरला म्हणाला. "तिथंच भांडू."

पडदा सरकला. बादलनं काठ्या एकमेकींवर आपटल्या आणि राजदीपनं पहिली तार छेडली. धून वर चढली, वळली, नेमकी खुशीच्या नव्या पट्टीत उतरली. तिनं पहिली ओळ उचलताच मागच्या रांगेतून शिटी आली, आणि दुसऱ्या ओळीला अख्खा क्लब तिच्यासोबत गात होता.