तिसरं पाणी

“तीन पाण्यांनी धू गं. दोन पाण्यांतच स्वच्छ दिसतं, पण दिसण्यावर भुलू नकोस.”

मार्गदर्शक मॅडम निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी प्रयोगशाळेतल्या सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडलं की हा आवाज तिच्या कानाशी यायचाच. झिंक सल्फाइडचे नॅनोकण बनवायचे म्हणजे जस्ताच्या क्षारात गंधकाच्या क्षाराचं द्रावण थेंब थेंब सोडायचं, सगळं दुधासारखं पांढरं झालं की नळीत भरून सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं आणि तळाशी बसलेले कण पाण्याने धुवायचे. दर पाण्याला वहीत एक खूण. हे कण उजेडात ठेवले की कापड रंगवून उरलेलं पाणी नितळ करतात, एवढं तिने तीन वर्षांत दाखवलं होतं. ते पाणी पुढे शेतात गेलं तर झाडांचं काय होतं, तेवढंच पाहायचं राहिलं होतं.

आणि नेमका तिथेच तो भेटला.

त्या दुपारी तिच्याकडे एकच नळी होती. समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची दुसरी ठेवली नाही तर यंत्र थरथरतं. ती रिकामी नळी शोधत होती, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “माझी चालेल? पानांचा रस आहे... गुणी आहे, त्रास देणार नाही.”

खालच्या मजल्यावर रोपांवर काम करणारा संशोधक. सगळे त्याला माळीबुवा म्हणत. बाह्या ओल्या, नखांत माती.

“वजन सारखं लागतं,” ती म्हणाली.

“मग करू की सारखं.” त्याने काट्यावर नळी ठेवून थेंब थेंब पाणी घातलं.

“रस पातळ होईल तुमचा.”

“होऊ दे.” त्याने मध्येच तिच्याकडे पाहिलं — आणि एक थेंब जास्त पडला.

“काढा आता तो.”

“काढतो, थेंबेबाई.”

नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तिचे कण त्याच्या घेवड्याच्या रोपांना घालून बघायचं ठरलं. बाटली न्यायला तो स्वतः वर आला आणि ती धूत असताना दारात उभा राहून गप्पा मारत होता. सदऱ्याच्या खिशात एक बी विसरलं होतं म्हणे, आणि तिथेच त्याला कोंब फुटला...

दहा दिवसांनी तोच परत दारात आला. या वेळी गोष्ट नव्हती.

“साध्या पाण्याची रोपं मजेत आहेत. तुमच्या कणांच्या रोपांनी माना टाकल्यात. मुळं तपकिरी. शुक्रवारी अहवाल द्यायचाय... वाईट वाटतंय, पण दिसलं ते लिहावं लागणार.”

तो गेल्यावर तिने वही काढली. त्या दिवसाच्या पानावर खुणा दोनच होत्या.

मग तिला चैन पडेना. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. गप्प राहिलं तर तीन वर्षांच्या कामावर विषाचा शिक्का. सांगितलं तर — जी इथे चुकली ती आणखी कुठे चुकली असेल, असं कोणीही विचारणार. आणि का चुकली, असं तो विचारणार.

“चहा किती ढवळशील?” घरी ताई म्हणाली. “कपाला भोक पडेल.”

“ताई, आपली चूक सांगायला गेलं आणि तिच्यातून दुसरंच काही उघडं पडलं, तर?”

ताईने बटण शिवता शिवता वर पाहिलं. “दुसरंच म्हणजे कोण?”

गुरुवारी सकाळी ती खाली उतरली. त्याच्या टेबलावर वही उघडून ठेवली.

“तिसरं पाणी राहिलं. गंधकाचा क्षार बाटलीत उरला असणार. मुळं त्यानेही जळतात.”

तो दोन खुणांकडे पाहत राहिला. “थेंबेबाईंकडून? का पण?”

तिने वहीचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

“तुम्ही दारात उभे होता,” ती टेबलाकडे बघत म्हणाली. “खिशातल्या बीची गोष्ट सांगत. दुसरं पाणी ओतलं आणि... मला वाटलं, तिसरं झालं.”

त्याचे कान लाल झाले. “बी खरं होतं,” तो हळूच म्हणाला. “कोंब मी जोडला. तुम्ही हसावं म्हणून.”

“मी हसले नव्हते.”

“हसला होतात. मान खाली घालून. परत जाताना जिन्याच्या तीन पायऱ्या चुकलो मी.”

ती आता मात्र उघड हसली. मग गंभीर झाली. “तीन पाण्यांनी धुऊनही मुळं जळली तर?”

“तर तसंच लिहू. दोघं मिळून.” त्याने अहवालाचे कागद बाजूला सारले. “काय चुकलं ते कळवून मुदत मागतो. सोमवारी नवी बाटली दे. आणि शेवटच्या धुण्याचं पाणीही वेगळं आण, ते दुसऱ्या रोपांना घालून बघू, म्हणजे क्षार जाळतो की कण, ते कळेल.”

‘दे’ म्हणाला होता तो. दोघांच्याही ते लक्षात आलं.

“आणीन. पण मी धूत असताना तू वर यायचं नाहीस. झालं की मीच खाली येईन.”

“आणि समोरची नळी?”

“...ती लागेलच.”

त्याने खणातून एक नळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. “माझ्याऐवजी ही ने.”

सोमवारी दोन्ही नळ्या समोरासमोर फिरल्या. यंत्र जरासुद्धा थरथरलं नाही. पहिलं पाणी. दुसरं. दाराकडे एकदा नजर गेली. दार रिकामं होतं. शब्दाला जागला होता.

तिसरं पाणी झालं. तिने वहीत खूण केली, दोन्ही बाटल्या ॲप्रनच्या खिशात ठेवल्या, केस कानामागे सारले आणि एकेक पायरी मोजत जिना उतरायला लागली.