मुखडा परत येईपर्यंत

संध्याकाळचे साडेसात. साल १९४६, महिना वैशाख. गोंदियात निघालेली एक वरात चुकीच्या दारात जाऊन उभी राहिली.

दार होतं छोट्या गोंदियातल्या शालीकराम पटल्यांचं. लग्न होतं अलीकडच्या गल्लीत, केशोरावांकडे. तिथे बायका आरतीचं ताट धरून उभ्या होत्या आणि जवळ आलेला बाजा पुन्हा लांब जाताना ऐकत होत्या. इकडे नवरदेवाच्या घोड्यानं शालीकरामांच्या ओट्यावर वाळत घातलेल्या मोहफुलांत तोंड खुपसलं होतं. आणि सगळ्यांच्या पुढे एक तरुण, डोळे मिटून, क्लॅरिनेट वाजवत होता.

दार उघडलं. हातात कंदील, केस नुकतेच धुतलेले, खांद्यावर ओला पदर – शालीकरामांची मुलगी कुंता. तिनं घोड्याकडे पाहिलं, मग नवरदेवाकडे, मग त्या मिटलेल्या डोळ्यांकडे. शेवटी तीच बोलली.

"लगीन तिकडच्या गल्लीत आहे. इथं मी आहे फक्त."

क्लॅरिनेट थांबलं. डोळे उघडले. एवढ्या वर्षांत मध्येच सूर तोडण्याची घनश्यामची ही पहिलीच वेळ, असं बँडचा मालक गुलाबचंद नंतर सांगायचा.

चूक कशी झाली ते सोपं आहे. वरातीत गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन चालणारे रस्ता पाहत नाहीत, धून ऐकतात. गोंगाटात ओरडून सांगितलेलं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून गुलाबचंदच्या पार्टीत ठरलेलं असे – वळण आलं की मुखडा वाजवायचा. मुखडा ऐकू आला की बत्तीवाले वळणार. तोवर सरळ. आणि बत्त्या जातील तिकडे वरात जाणार. त्या संध्याकाळी घनश्याम अंतऱ्यात शिरला आणि मुखड्यावर यायचंच विसरला. केशोरावांची गल्ली गेली. पुढच्या गल्लीत रस्ता संपत होता, आणि तिथे कुंताचं दार होतं.

अंतऱ्यात हरवण्याची ही सवय त्याला रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये लागली होती. इन्स्टिट्यूट म्हणजे रेल्वेवाल्यांचा क्लब. दर शनिवारी तिथे नाच असायचा आणि नाचासाठी डझनभर वादकांचा जाझ बँड. लढाई संपली आणि त्यातले निम्मे वाजवणारे कलकत्त्याकडे पांगले. उरलेल्यांचा म्होरक्या लॉरेन्स, इंजिन ड्रायव्हर, ट्रम्पेट वाजवायचा. त्यानं गुलाबचंदच्या बँड पार्टीतली माणसं मागून घेतली. रेल्वेच्या इंजिन-शेडमधला फिटर घनश्याम, एक शिंपी, विडीच्या कारखान्यातले दोघं, असे सगळे. शनिवारी ही मंडळी साहेबांना नाचवायची आणि लग्नसराईत त्याच धुनींवर नवरदेव मिरवायची. जाझमध्ये एकेकाला मोकळं सोडतात – बाकीचे ताल धरून थांबतात, आणि तो आपल्या मनानं कुठेही फिरून येतो. घनश्यामला हे फार आवडलं. फक्त परत यायचं असतं, एवढं तो कधी कधी विसरायचा.

त्या संध्याकाळी वरात मागे वळली. घोडा ओढूनही हलेना. घनश्याम गल्लीच्या तोंडाशी पोचला आणि त्यानं मागे पाहिलं. कुंता ओट्यावरच होती. कंदील तिनं जरा वर धरला होता... घोडा किती मोहफुलं खाऊन गेला ते पाहायला, असं ती पुढे म्हणे.

आठवड्यानं घनश्याम मोहफुलांची टोपली घेऊन त्या दारात आला. त्याचं गाव दरेकसाजवळ, जंगलातलं. सुटीच्या दिवशी पहाटे उठून त्यानं स्वतः वेचली होती. शालीकरामांना पोरगा आवडला. गाव विचारलं, कूळ विचारलं. बिसेन निघाला – म्हणजे आपला पोवारच. शेडमध्ये फिटर आहे म्हणताच त्यांनी बायकोला, सुमित्राबाईंना, चहा टाकायला सांगितलं. चहा येईपर्यंत, मोहफुलं कायले आणली, हा प्रश्न निघाला.

"त्या दिवशी बाजा मीच वाजवून राहिलो होतो," घनश्याम म्हणाला.

शालीकरामांनी टोपली बाजूला सरकवली. चहा त्यांनी दिला. पण तो पिऊन होईस्तोवर एकच वाक्य बोलले. पोवाराच्या पोरानं लोकांच्या मांडवाबाहेर बसून जेवावं, हे आपल्याला पटत नाही.

ते खरंच होतं. बँडवाल्यांची पंगत सगळ्यांच्या शेवटी, मांडवाच्या बाहेर बसे. बँडमध्ये सगळ्या जातींची माणसं. त्यांच्या रांगेत गावातलं कोणी बसत नसे. घनश्याम तिथेच जेवे, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. शालीकरामांना वाटे.

कुंता आत पडद्याआड होती. टोपली उचलायला ती बाहेर आली तेव्हा घनश्याम वहाणा घालत होता.

"घोड्यानं एवढी नव्हती खाल्ली," ती हळूच म्हणाली.

"मालूम आहे," तो म्हणाला. "पुन्हा येऊन मोजायला नको म्हणून जास्तच आणली."

"मंग पुन्हा येणार नाही म्हणा की."

शेडपर्यंत चालत जाताना त्याला तीन उत्तरं सुचली, आणि तिन्ही वाया गेली.

कुंता मुलींच्या शाळेत शिकवायची. शनिवारी शाळा सुटली की तिचा रस्ता इन्स्टिट्यूटच्या मेंदीच्या कुंपणाजवळून जायचा. त्याआधी तो बाजारातून जायचा, पण ते कोणी विचारलं नाही.

कुंपणापलीकडे तालीम चाले, आणि तालमीत एक अडचण होती. बँड पार्टीची माणसं आयुष्यभर चालत वाजवत आलेली. लॉरेन्सनं त्यांना खुर्च्यांवर बसवलं की ताल सुटून जाई. शिंप्याचे पाय खुर्चीखाली आपोआप चालू लागत, विडीवाले उठून उभे राहत. कित्येक महिने लॉरेन्सनं डोकं फोडलं. मग एका शनिवारी हात टेकले आणि म्हणाला, "बैठके नहीं बजता तो चलके बजाओ. मगर हॉल के अंदर." त्या रात्री बँड हॉलभर फिरत वाजवत राहिला आणि नाचणारी जोडपी त्याच्यामागून, वऱ्हाडासारखी. गोंदियाच्या साहेबलोकांनी असा नाच पूर्वी केला नव्हता. पुढच्या शनिवारी त्यांनी तोच मागितला.

श्रावणात एकदा तालीम चालू असताना झड लागली. पत्र्यावर पाऊस एवढा वाजू लागला की लॉरेन्सनं सुटी केली. घनश्याम व्हरांड्यात आला. कुंता छत्री धरून कुंपणाशी उभी होती. छत्री असून अर्धी भिजलेली.

"डोळे मिटून काऊन वाजवता तुमी?" तिनं विचारलं. मधल्या सगळ्या आठवड्यांत त्यांचं बोलणं झालं नव्हतं, तरी ते तिनं असं विचारलं की जणू मघाशी अर्धवट राहिलं होतं.

"उघडे ठेवले तर नीट आयकू येत नाही."

"मंग त्या दिवशी काऊन उघडले?"

पत्र्यावरचा पाऊस जरा ओसरला. घनश्याम खांबावर बोटं वाजवत होता, क्लॅरिनेटच्या भोकांवर ठेवावीत तशी.

"त्या दिवशी... बाजापेक्षा चांगलं कायतरी आयकू आलं."

कुंतानं छत्री पुढे झुकवली. तोंड दिसेनासं झालं. छत्री मात्र हलत होती. हसू आवरताना खांदे हलतात तशी.

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली. छोट्या गोंदियाच्या बाजूनं वरात निघाली की गल्लीच्या तोंडाशी मुखडा यायला थोडा उशीर होई. बत्तीवाले पाय जड करत, एकमेकांकडे पाहत. क्लॅरिनेट आणखी एक वळसा घेई, मग आणखी एक छोटासा... आणि मगच मुखडा येई. तेवढ्यात एका ओट्यावर कंदील वर जाई. गुलाबचंदनं एकदा घनश्यामला बाजूला घेऊन सांगितलं, "भाई, मोहब्बत कर, पर मेरी बरात टाइम पे पहुँचा." बत्तीवाल्यांना तर कधीच कळलं होतं.

शालीकरामांनाही कळलं. त्यांनी घनश्यामला बोलावून घेतलं, बसायला घोंगडी दिली आणि आवाज न चढवता अट सांगितली. बाजा सोड. मग पुढचं बोलू. तसं नसेल तर डोंगरगडच्या एका मालगुजाराकडून, म्हणजे जमीनदाराकडून, कुंताला मागणी येऊन पडली आहे, त्यांना होकार कळवू.

महाशिवरात्रीला नागऱ्याच्या देवळात अख्खं गोंदिया असतं. बेलाच्या ढिगाऱ्यांपलीकडे, कुंता आईसाठी प्रसाद घ्यायला थांबली असताना, घनश्यामनं तिला ते सांगितलं. क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं आहे, असंही सांगितलं. होळीच्या आत गुलाबचंदला परत करणार. त्याला वाटलं, ती खूश होईल.

कुंतानं हातातला द्रोण खाली ठेवला.

"मले विचारलं तुमी?"

"तुह्यासाठीच तं सोडून राहिलो."

"दार मी कायले उघडलं होतं त्या दिवशी? नवरदेव पाहायले?" तिचा आवाज खाली आला. "आत भात शिजून राहिला होता. बाजा आयकला अन् तसाच चुलीवर टाकून आली. करपला तो. आई अजून बोलते." तिनं द्रोण पुन्हा उचलला. "बाजा सोडून आले तर मी दार उघडणार नाही. सांगून ठेवते."

"अन् तुह्ये बाबूजी?"

"ते माह्यावर सोडा."

ती गर्दीत गेली. घनश्यामच्या बोटांत बेलाचं एक पान होतं. ते त्यानं वाहिलं नाही, खिशात ठेवलं.

फाल्गुनात केशोरावांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. बँड तोच. या वेळी वरात ठरल्या दारात, ठरल्या वेळी पोचली. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगती बसल्या. शालीकराम वाढणाऱ्यांमध्ये होते. शेवटी मांडवाबाहेर, उन्हात, बँडवाले बसले – शिंपी, विडीवाले, बत्तीवाले, गुलाबचंद आणि घनश्याम.

कुंता बायकांच्या पंगतीत बसली होती. पुढ्यात पत्रावळ आली, भात आला, वरण आलं. मग ती उठली. दोन्ही हातांवर पत्रावळ सांभाळत मांडवातून बाहेर गेली आणि बँडवाल्यांच्या रांगेत, शिंप्याच्या शेजारी, बसली.

शिंप्याचा घास हातातच राहिला. मांडवातलं बोलणं आधी एका कोपऱ्यात थांबलं, मग सगळीकडे. घनश्यामनं मान वर केली नाही. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

"मीठ सरकवा जरा," कुंता म्हणाली.

वरणाची बादली घेऊन शालीकराम मांडवाच्या कडेला आले होते. मुलगी रांगेत, आणि रांगेच्या बाहेर ते. ते उभे राहिले. सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. मग ते वाकले, रांगेतल्या पहिल्या पत्रावळीवर वरण वाढलं, मग दुसऱ्या, असं करत करत मुलीपर्यंत आले. तिच्याही पत्रावळीवर वाढलं. एक शब्द बोलले नाहीत. घरी गेल्यावरही नाही.

गावानं दोन्हीकडून बोलून घेतलं. कोणी म्हणे, शालीकरामानं नाक वाचवलं. कोणी म्हणे, आता पोरीला दिवस न घालवता उजवून टाकतील.

चैत्रात शालीकराम स्वतः गुलाबचंदच्या दुकानी गेले. अक्तीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, आपल्या कुंताचं लग्न आहे, बँड पाहिजे, असं सांगितलं. धून कोणती, हे गुलाबचंदनं विचारलं.

"घोड्यानं मोहफुलं खाल्ली त्या दिवशीची. अन् क्लॅरिनेटवाला दुसरा आणा."

नवरदेवाचं नाव गुलाबचंदला विचारवलं नाही. घरी कुंतानं विचारलं, तेव्हा शालीकराम म्हणाले की वरात दारात आली की दिसेल. सुमित्राबाई पापड लाटत होत्या. त्यांनी मान खालीच ठेवली. त्यांनाही ठाऊक नसावं, किंवा फार नीट ठाऊक असावं.

क्लॅरिनेटवाला दुसरा – याचे अर्थ दोन. घनश्याम त्या दारात नको आहे. किंवा घनश्याम घोड्यावर असणार आहे, आणि घोड्यावरून कोणी वाजवत नाही. दरम्यान, शेडमधलं काम संपलं की घनश्याम सुखराम नावाच्या एका नव्या पोराला तीच धून शिकवतो. दुसरं कोणी शिकवू शकत नाही. अंतऱ्यात कुठे फिरायचं, कुठे थांबायचं, सगळं. वळण कुठे घ्यायचं, असं सुखरामनं विचारलं, तर तो म्हणाला, "वळू नको. सरळ जा."

आज सकाळी शालीकराम नवं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन पूर्वेकडच्या पॅसेंजरमध्ये बसले. ती गाडी दरेकसाला थांबते, जिथून जवळच घनश्यामचे वडील ग्यानीराम राहतात. मग तीच गाडी पुढे डोंगरगडला जाते, जिथे मालगुजार राहतो.

गाडी आज लॉरेन्स चालवतो आहे. निघण्याआधी त्यानं घनश्यामला इंजिनाजवळ बोलावलं होतं. "बूढ़ा दरेकसा में उतरा, तो लौटते टाइम मुखडा बजाऊँगा. सीटी पे. नहीं उतरा, तो सीधी सीटी." शेडमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं, त्यामुळे दुपारपर्यंत ते छोट्या गोंदियापर्यंतही पोचलं.

आता ऊन उतरलं आहे. ओट्यावर मोहफुलं वाळत घातली आहेत, आणि त्यांच्याशेजारी कुंता बसली आहे. दिवस मावळला नाही तरी तिनं कंदील पुसून ठेवला आहे. शेडच्या दारात घनश्याम उभा आहे, डोळे मिटून.

परतीच्या गाडीचा सिग्नल पडला आहे. शिट्टी अजून झालेली नाही.