पहिल्या डावात तडकलेले चेंडू

कार्यकारिणीतल्या साहेबांनो, एका म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची नजर तुम्ही दोन ओळींच्या कागदात मोडीत काढलीत. "चेंडूंच्या तपासणीत हलगर्जीपणा झाल्याने संबंधित सदस्याकडून ही जबाबदारी काढून घेण्यात येत आहे." खाली सही नाही. लिहिणाऱ्याला आपलं नाव टाकायची लाज वाटली असावी. कागद फलकावर ठोकायची मात्र वाटली नाही.

तो कागद फलकावरून ओरबाडून त्या आजोबांच्या सुनेने आणला आणि वहिनींच्या टेबलावर आपटला. शेजारी एक पुठ्ठ्याचा खोका ठेवला.

वहिनी म्हणजे खासगी तपास करणाऱ्या बाई. त्यांचे धाकटे दीर नोकरीतून मोकळे झाल्यापासून त्यांच्याबरोबर हिंडत. वहिनी त्यांना भावजी म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. आपल्यावाचून वहिनींचं पान हलत नाही, असा भावजींचा समज होता. वहिनींनी तो कधी मोडला नव्हता आणि दोघांचं छान चाललं होतं.

सुनेने सगळं सांगितलं. तिचे सासरे बत्तीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होते. निवृत्तीनंतर क्लबात पिकलबॉल, म्हणजे भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू पॅडलने मारायचा खेळ, खेळू लागले, वर्षभरात गुडघ्यांनी संप पुकारला, आणि मग ते क्लबाचे चेंडू तपासू लागले. सामानाच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. प्रत्येक चेंडू आधी तराजूवर, मग काचेवर घरंगळवायचा, मग डोक्याच्या उंचीवरून फरशीवर सोडायचा. भिंतीवर पेन्सिलीने मारलेल्या दोन रेघांच्या मध्ये उसळला तर ठीक. शेवटी अंगठ्याने सगळीकडून दाबायचा आणि पास झाला की शाईचा निळा ठिपका द्यायचा. सगळ्यांत महागडे चेंडू ते घेऊच देत नसत. ते टणक आणि सुसाट, स्पर्धेतल्या पोरांचे. सगळ्यांत स्वस्त चेंडू दोन दिवसांत अंड्यासारखे होत. साठीच्या माणसांना चार फटके जास्त मारू देईल आणि महिनाभर गोल राहील, तोच चेंडू पैसे वसूल करतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

यंदा उन्हाळा भाजून काढत होता. नव्या अठ्ठेचाळीस चेंडूंपैकी नऊ चेंडू तीन दिवसांत तडकले. आजोबांनी न बघताच ठिपके मारले, असं मंडळाने ठरवून टाकलं. खोका कचऱ्यात निघाला होता. सुनेने तो उचलून आणला.

"आणि आजोबा काय म्हणतात?" वहिनींनी विचारलं.

"तिथेच तर गाडं अडलंय, ताई. फुटलेला चेंडू त्यांनी हातात फिरवला, खोका उघडून बघितला, आणि म्हणाले, चूक माझीच. तेव्हापासून ताटावर बसतात आणि दोन घास खाऊन उठतात. चष्मासुद्धा डबीत घालून ठेवलाय, म्हणे आता बघायचं काय." सुनेचा आवाज चढला. "ते खोटं बोलताहेत. माझ्या बापापेक्षा मला हा माणूस जास्त कळतो."

भावजींनी खोका उघडला. तळाचा पुठ्ठा फुगून वाळला होता, त्याला लाटा आल्या होत्या. चेंडूंवरचे निळे ठिपके पसरले होते.

"वहिनी, का कोण जाणे, मला एकदम आइस्क्रीम खावंसं वाटतंय."

"तुम्हाला दर तासाला काहीतरी खावंसं वाटतं," वहिनी म्हणाल्या. पण मग त्यांनीही खोक्यात नाक घातलं.

फुटलेला चेंडू त्यांनी भिंगाखाली धरला. दोन अर्धे जोडलेली शिवण शाबूत होती. तडा एका भोकातून दुसऱ्यात सरळ गेला होता, काचेसारख्या धारदार कडांचा. उरलेले एकोणचाळीस चेंडू त्यांनी तोलले, घरंगळवले, उसळवून पाहिले. एकात खोट सापडली नाही. भावजी चेंडू वेचता वेचता दमले आणि त्यांनी दुकानदारावर संशय जाहीर केला.

दुकानदार उलट त्यांच्यावरच उखडला. आजोबांनी साठांतले बारा चेंडू परत केले होते, प्रत्येकाला कारणाची चिठ्ठी चिकटवून. "असलं गिऱ्हाईक म्हणजे डोक्याला ताप," तो म्हणाला. पण पुढे हेही म्हणाला, की आजोबा जो चेंडू घेतात तो बाकीचे डोळे मिटून घेतात. त्यांना फसवून तो खाणार काय?

मग भावजींचा संशय प्रशिक्षकावर गेला. हा तरुण आडदांड होता आणि त्याचे फटकेही तसेच. त्याने शांतपणे सांगितलं, की चेंडू फुटले ते फक्त सकाळच्या सहाच्या पहिल्या डावात. संध्याकाळी तोच खोका, तेच फटके, पण एकही फुटला नाही. हो, सकाळी चेंडू जरा ओलसर असत, पॅडलवर गोल ठसा उमटे. दव पडलं असेल.

"खोक्यातल्या चेंडूंवर?" वहिनींनी विचारलं.

सकाळी खोका कोर्टावर आणून ठेवत कॅन्टीनवाल्या काकू. पहाटे सगळ्यांच्या आधी त्याच येत. आजोबांचं नाव काढताच त्या हातातलं काम टाकून बोलू लागल्या; त्या त्यांना अण्णा म्हणत. अण्णांची ती खोली म्हणजे पत्र्याखालची भट्टी. तापलेला चेंडू मऊ पडतो, उसळी चुकते, म्हणून अण्णा तळमळत. पंखा आणि छताखाली आच्छादन मागणारे तीन अर्ज झाले, उत्तर एकाचंही नाही.

भावजींनी संधी साधून आइस्क्रीम मागितलं.

"आज आहे. गेल्या आठवड्यात आला असतात तर नसतं मिळालं, ठेवायला जागाच नव्हती," काकू म्हणाल्या.

वहिनींनी पदराने चष्मा पुसला. त्या पदराने चष्मा पुसू लागल्या की प्रकरण संपत आलं, एवढं भावजींना अनुभवाने कळत होतं. काय संपलं ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लबाच्या बैठकीच्या खोलीत चिटणीससाहेब, प्रशिक्षक, काकू, सून आणि खाली मान घालून आजोबा असे सगळे जमले.

"चेंडू वाईट असते तर उरलेलेही नापास झाले असते," वहिनींनी सुरुवात केली. "ते आजही पास होतात. म्हणजे आजोबांची तपासणी चोख होती, जे झालं ते तपासणीनंतर झालं. कडक उन्हाळ्यात पुठ्ठा भिजतो, शाई पसरते, पॅडलवर ओला ठसा उठतो. पाणी आलं कुठून? गार वस्तू गरम हवेत आणली की तिच्यावर सुटतं तिथून. अतिगार प्लॅस्टिक काचेसारखं तडकतं, म्हणून तडा असा सरळ आणि धारदार. पहिल्या डावात जे वाचले ते हवेने कोमट झाले आणि पुन्हा ठणठणीत. संध्याकाळी तर खोका दिवसभर तापलेला असायचा. राहता राहिलं, रात्रभर तो होता कुठे. खोक्याला व्हॅनिलाचा वास येतो. हा शोध भावजींच्या पोटाचा, श्रेय त्यांना."

भावजी ताठ बसले.

"म्हणजे मी?" काकूंचा चेहरा पांढरा पडला. "मी फ्रीजरमध्ये ठेवत होते. अण्णांचे चेंडू त्या भट्टीत खराब व्हायला नकोत म्हणून. माझ्याकडे सगळं त्यातच टिकतं."

"तू गप्प बस," आजोबा पहिल्यांदाच बोलले. "ठिपका माझा होता."

"आजोबांनी खोका उघडला तेव्हाच त्यांना कळलं होतं," वहिनी म्हणाल्या. "बत्तीस वर्षं तडे बघितलेला माणूस. पण पुढच्या आठवड्यात कॅन्टीन कुणाला द्यायची हे मंडळ ठरवणार आहे. म्हणून त्यांनी काकूंची चूक आपल्या नावावर घेतली."

सुनेने सासऱ्यांच्या पाठीवर हात ठेवला. "सांगायचं तरी होतं, बाबा. मी काय परकी?"

"तुला सांगितलं असतं तर तू इथे येऊन भांडली असतीस."

"मग आता काय करतेय?"

चिटणीससाहेबांनी घसा खाकरला. गैरसमज झाला होता, तो मिटला, ते म्हणाले. कागदही फलकावर नाही. आजोबांनी सोमवारपासून टेबलावर बसावं, विषय संपला. ते उठूही लागले.

काकू त्यांच्या आणि दाराच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. एरवी साहेबांना चहा देतानाही त्या मान वर करत नसत.

"बसा साहेब. चूक माझी आहे, मी कबूल करते. कॅन्टीन काढून घ्यायची तर घ्या. पण अण्णांची माफी कधी मागताय, तेवढं आत्ता सांगा. सगळे आहेत इथे. सांगा."