बाहेर पडावं की राहावं?

स्टीलच्या डब्यात दोनच चिठ्ठ्या उरल्या होत्या आणि त्यात एकदम दोन हात पडले. गौतमीने आपला हात पटकन काढून घेतला. समोरच्यानेही काढला. मग दोघांनी पुन्हा एकाच वेळी घातला.

"घ्या ना, तुम्ही आधी," तो म्हणाला.

"नको, तुम्हीच. पापाकुऱ्याहून एवढी गाडी चालवत आलायत."

"म्हणजे माझी चौकशी झालीय."

गौतमीचे कान गरम झाले.

२०१६च्या जूनमधला पहिला शनिवार होता. हॅमिल्टनच्या मराठी मंडळाने हॉलमध्ये वादविवाद ठेवला होता. विषय होता, ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडावं की राहावं? तिकडे तेवीस तारखेला मतदान होतं, आणि इकडे न्यूझीलंडमध्येही ऑफिसात, जेवणाच्या टेबलावर लोक त्यावरूनच हमरीतुमरीवर येत होते. मंडळाच्या मृदुलाताईंनी नियम केला होता की बाजू चिठ्ठीने ठरणार आणि बदलून मिळणार नाही.

गौतमीने चिठ्ठी उघडली. 'बाहेर पडावं.'

तिचा भाऊ रमण इंग्लंडात, नॉटिंगहॅमला राहायचा. त्याची बायको काशा पोलंडची, सातवा महिना लागलेला. ब्रिटन खरंच बाहेर पडलं, तर काशाला तिथे राहता येईल की नाही, हे कुणीच धड सांगू शकत नव्हतं. आणि गौतमीने बोलायचं होतं नेमकं उलट.

पण हातात घेतलेलं काम अर्धवट करणं तिला जमायचं नाही. दूध पावडरच्या कंपनीत ती नमुने तपासायची, तिथेही तशीच. ती उभी राहिली आणि मन लावून बोलली. "दार कुणासाठी उघडायचं, हे घरातल्यांनी ठरवावं. शेजारच्या युरोपातला माणूस थेट स्वयंपाकघरात येतो, आणि भारतातून भेटायला येणाऱ्या आईला मात्र फाटकाबाहेर कागद दाखवत उभं राहावं लागतं... हा कुठला न्याय?"

टाळ्या पडल्या. पापाकुऱ्याहून आलेला तो मात्र टाळ्या वाजवायचं थांबून तिच्याकडे बघत राहिला.

मग तो उठला. नाव विराज. रेल्वेच्या सिग्नलचं काम करणारा इंजिनियर, तीन महिन्यांपूर्वीच इकडे, ऑकलंडजवळच्या पापाकुऱ्यात आलेला. "नऊ वर्षं तिकडे लीड्सला होतो," तो म्हणाला. "आमच्या मजल्यावर एक रोमानियन नर्स राहायची. मला ताप आला तेव्हा चार दिवस तिने सूप आणून दिलं. तिला 'आता जा' म्हणणारा मी कोण?" गौतमीला काशाच आठवली.

बक्षीस तिला मिळालं. तिला त्याचा जराही आनंद झाला नाही.

बाहेर नदीवरून धुकं वर चढत होतं, गाड्यांचे नुसते दिवे दिसत होते.

"फार मनापासून बोललात," तो म्हणाला.

"तुम्हीही..."

दोघांनाही काहीतरी विचारायचं होतं. त्याऐवजी गौतमी, आपण दर रविवारी पुकेकोहेला भाजी आणायला जातो, एवढंच बोलली.

पुढच्या रविवारी ते पुकेकोहेला भेटले, दोघांच्या गावांच्या मध्ये पडणाऱ्या भाजीच्या स्टॉलवर. दव पडलेलं, बोटं गारठलेली, आणि विराजच्या पायात जँडल्स, इकडच्या उघड्या रबरी चपला.

"एवढ्या थंडीत?" गौतमी म्हणाली.

"इथली माणसं घालतात. मला वाटलं, सवयीने जमेल. नाही जमत."

"आणि इकडे आलास कशाला?" 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिला कळलंही नाही.

"मेथी घ्यायला."

"पापाकुऱ्यात मिळत नाही?"

"मिळते."

"मग?"

"तिथे तू मिळत नाहीस."

ती जुड्यांवरची माती उगाचच झटकत राहिली. त्यानंतरच्या रविवारीही ते भेटले, आणि त्या दिवशी मेथी घ्यायची दोघांनाही आठवण राहिली नाही. चोवीस तारखेच्या शुक्रवारी तो हॅमिल्टनला जेवायला येणार, असं ठरलं.

त्या शुक्रवारी दुपारी पावणेचारला निकाल स्पष्ट झाला. बाहेर. लॅबमधले सगळे एका स्क्रीनभोवती जमले होते. कुणी हसत होतं, कुणी डोक्याला हात लावून बसलं होतं. गौतमीने रमणला मेसेज केला. उत्तर आलं, 'काशा रडतेय. नंतर बोलू.'

संध्याकाळी विराज कंपनीच्या पार्किंगमध्ये उभा होता. त्याला पाहताच तिला इतकं हायसं वाटलं, की ती सरळ त्याच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. पहिल्यांदाच.

"वाईट झालं ना रे," ती पुटपुटली.

त्याने तिच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"विराज?"

"मी... मी बाहेर पडण्यालाच मत दिलंय, गौतमी. माझ्याकडे तिथलं नागरिकत्व आहे. मे महिन्यातच पोस्टाने पाठवलं."

ती मागे सरकली. "पण तू तर म्हणालास... ती नर्स..."

"चिठ्ठीत आलं म्हणून बोललो. नर्स खरी होती. पण आईचा व्हिसा दोनदा नाकारला गेला, तेही खरं होतं. साताऱ्यात एकटी असते ती. मला वाटलं, नियम सगळ्यांना एकच झाला तर... आणि त्या दिवशी तू आईबद्दल बोललीस. मला वाटलं, हिला कळलंय. हिला न सांगता कळलंय."

"मला काहीही कळलं नव्हतं. मीसुद्धा चिठ्ठीच वाचत होते," गौतमी म्हणाली. "माझी वहिनी पोलंडची आहे."

विराजचा चेहरा उतरला. दोघंही एकमेकांच्या भलत्याच बाजूच्या प्रेमात पडले होते. ती गाडीत बसली आणि एकटीच घरी गेली.

दोन आठवडे तिने फोन उचलला नाही. राग यायचा, मग आठवण यायची, मग आठवण आली म्हणून पुन्हा राग. काशा काम करायची त्या बेकरीत एका गिऱ्हाइकाने तिला विचारलं होतं, 'मग आता परत कधी जाणार?' ते ऐकल्यावर गौतमीला वाटलं, विराजचं नावही नको. आणि तरी त्याच आठवड्याच्या रविवारी संध्याकाळी ती पापाकुऱ्यात त्याच्या दारात उभी होती.

"चुकलास असं म्हण," ती आत न येताच म्हणाली.

"म्हणता येत नाही." तो हळू बोलत होता. "बरोबर होतो असंही वाटत नाही. माझंच भाषण ऐकताना मला वाटलं होतं की हा खरं बोलतोय. पण पाकीट तर कधीच गेलं होतं."

"मला तू आवडतोस. आणि तुझा भयंकर राग येतो. दोन्ही एकदम. याचं काय करायचं, मला कळत नाही."

"मलाही नाही कळत. आत येतेस?"

तेवढ्यात तिच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. काशा. तिकडे सकाळचे सात, हातात चहाचा मग. गौतमीने फोन विराजकडे फिरवला आणि म्हणाली, "काशा, हा विराज. याने तुमच्या विरुद्ध मत दिलं. आणि... मला हा आवडतो."

काशा त्याला नीट बघायला कॅमेऱ्याजवळ सरकली. विराजने नजर चुकवली नाही.

"सॉरी," तो म्हणाला. "तुमचा विचार मी केलाच नव्हता."

काशाने चहाचा मग खाली ठेवला. रमणकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत, एकेक शब्द जुळवत ती म्हणाली, "तू इकडे ये. आधी जेव. मग मी भांडते. खूप भांडते."

"येतो," विराज म्हणाला. "बाळ झालं की आम्ही दोघं येतो."

फोन बंद झाला. गौतमी अजून उंबऱ्याबाहेरच होती.

"आम्ही दोघं म्हणालास."

"तोंडातून गेलं. चुकलं का?"

"माहीत नाही..." ती म्हणाली, आणि चपला काढून आत आली. "पण आता मागे घेऊ नकोस."