आता म्हणू?

फोनवर ताटकळत ठेवून ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं गोड आवाजात सांगणाऱ्या बाईला तुम्ही कधी ना कधी शिव्या घातल्याच असतील. ती बाई म्हणजे मी. नवरा म्हणतो, घरीदारी तुझंच ऐकायचं नशिबात आहे.

त्या दुपारी नेहमीसारखीच पाण्याची बाटली घेऊन स्टुडिओत गेले. काचेपलीकडे आमचा रेकॉर्डिस्ट होता. त्याचे कान इतके तिखट की आम्ही त्याला कानसेन म्हणतो. मी वाक्यं वाचते, मग तो त्यांतले माझे श्वास कापून टाकतो. फोनवरच्या बाईनं श्वास घेतलेला कंपनीला चालत नाही म्हणे. कापलेल्या जागी भोक राहू नये म्हणून तिथं खोलीची शांतता चिकटवतात. त्यासाठी शेवटी मी नुसती गप्प बसते आणि ती शांतता रेकॉर्ड होते. गप्प बसण्यात माझा हात कोण धरणार!

वाक्यं संपली. जुनी ट्यूब गुणगुणते म्हणून कानसेननं ती घालवली. दार लागलेलंच होतं. अंधारात मी हात मांडीवर ठेवून बसले. थोड्या वेळानं डांबरगोळ्यांचा वास आला. जाड गाद्यांमध्ये दडपलेला, जुना वास.

ट्यूब लागली. कानसेन हेडफोन काढून माझ्याकडे बघत होता.

“ताई, गुणगुणत होतात?”

“छे रे.”

“परत घेऊ.”

या वेळी मी तोंडावर हात दाबून धरला. वास आणखी दाट झाला. संपल्यावर त्यानं ते मला हेडफोनवर ऐकवलं.

एक मुलगी गात होती. अगदी हळू... कोंडलेल्या जागेत गावं तसं. उशीखाली झोपलेल्या चंद्राचं गाणं.

ते गाणं जगात कुणाला माहीत नाही. लहानपणी मी ते गाद्यांच्या कपाटात बसून रचलं होतं. मोठी झाले की गाणार, असं त्याच कपाटात ठरवलं होतं. बाबा झोपलेले असायचे, नाहीतर कुणी आलेलं असायचं. मी दाराच्या फटीतून विचारायची, आई म्हणायची, “आता नको, नंतर.” मग परीक्षा आल्या, नोकरी आली, लग्न, मुलं. हे ‘नंतर’ पुढं माझं मीच म्हणायला लागले. भांडी घासताना तेवढं ते गाणं गुणगुणायची. माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

हेडफोनमध्ये गाणं थांबलं. लाकडावर नखानं टकटक झाली. आणि मग कुजबुज...

“आता म्हणू?”

कानसेननं झटकन बंद केलं. त्याचा चेहरा उतरला होता.

“ताई... ही कोण?”

मला सांगता आलं असतं. काचेपलीकडच्या त्या भल्या माणसाला मी एवढंच म्हणायला हवं होतं, की थांब, तिला गाऊ दे. पण संध्याकाळी काम पोचवायचं होतं. आणि खरं सांगू, मला लाज वाटली. या वयात चंद्राचं गाणं!

“कुणी नाही. काढून टाक.”

“सगळं?”

“सगळं.”

त्यानं काढलं. बरोबर काय गेलं ते मला त्या रात्री भांडी घासताना कळलं. तोंड उघडलं, पण चाल आठवेना, शब्द आठवेनात. बराच वेळ मी नळ तसाच सोडून उभी होते. ओठांवर आलं ते एकच, ‘कृपया प्रतीक्षा करा.’ मला रडू फुटलं.

पुढं काही आठवड्यांनी घरचं इंटरनेट बंद पडलं. कंपनीला फोन लावला, तर पलीकडं मीच.

“आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,” मी मला सांगितलं. “कृपया प्रतीक्षा करा.”

मग चिकटवलेली शांतता आली. कानसेननं शपथेवर सांगितलंय की त्यानं ती दुसऱ्या खोलीतली वापरली होती.

त्या शांततेत, फोनच्या अगदी जवळून, एक मुलगी शहाण्यासारखी म्हणाली,

“बरं.”