पडद्यामागचं बटण

ती आली होती संगीतयंत्रांच्या दुकानातला पियानो सुरात लावायला, आणि बसवली गेली मखमली खुर्चीवर, चक्क परीक्षक म्हणून! तिसरे परीक्षक आयत्या वेळी आजारी पडले होते आणि दुकानाचे मालक, म्हणजे सगळ्यांचे मामा, यांना रिकामी खुर्ची बघवत नव्हती.

“अहो, पण मला यातलं काही कळत नाही.”

“कान आहेत ना? झालं तर मग!” मामा हात झटकून मोकळे झाले.

परीक्षा साधी होती. पियानोची एकच सीडी दोनदा वाजणार... एकदा नुसत्या महागड्या प्लेअरवर, मग त्याला जोडलेल्या, आवाज खुलवणाऱ्या, त्याहून महागड्या कन्व्हर्टरमधून. कुठला आवाज कशाचा ते कळू नये म्हणून यंत्रं पडद्यामागे, आणि बटण दाबायला मामांचा भाचा, उंच, बाह्या दुमडलेला.

“जरा पंखा बंद कराल?” ती त्याला म्हणाली. “त्याचा सूर मध्ये मध्ये येतोय.”

“पंख्यालाही सूर असतो?”

“असतो की. तुमचा थोडा उतरलाय.”

“माझा?”

“पंख्याचा हो!”

तो कानापर्यंत लाल झाला आणि पंखा बंद करून पडद्यामागे गेला. तिला उगाचच हसू येत राहिलं.

सीडी वाजली. थांबली. पुन्हा वाजली. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटचा सूर विरला तेव्हा तिनं डोळे उघडले, तर पडद्याच्या फटीतून दोन डोळे तिच्याकडेच... दोघांनीही घाईघाईनं नजर वळवली.

“दुसऱ्यात काय खोली होती!” पहिले परीक्षक, दातांचे डॉक्टर, म्हणाले. “पहिला अगदीच कोरडा.”

“दुसऱ्यात पियानो जसा काही समोर येऊन बसला,” दुसऱ्या परीक्षक, संगीतशाळेच्या प्राचार्यबाई, म्हणाल्या. त्यांच्या शाळेत सात पियानो होते. ते सुरात लावायचं काम मिळावं म्हणून ती दोन वर्षं खेटे घालत होती आणि बाई सोमवारी काय ते ठरवणार होत्या.

“आणि तुम्हाला काय वाटलं?” बाईंनी विचारलं.

हो ला हो म्हटलं की सुटका होती. पण कानांशी खोटं बोलायचं कसं?

“मला... काहीच फरक नाही वाटला.”

डॉक्टर खुदकन हसले. बाईंनी चष्मा काढला. “पियानो सुरात लावता ना तुम्ही?”

गेलं काम! तिनं मान खाली घातली. तेवढ्यात पडदा सरकला आणि तो बाहेर आला, चेहरा पांढराफटक.

“फरक नव्हताच. आत्ता पाहिलं मी... बटण दाबायचंच राहिलं. दोन्ही वेळा नुसता प्लेअरच वाजला.”

डॉक्टर गालिच्याची नक्षी न्याहाळू लागले.

“नऊ वर्षं हेच करतोयस!” मामा कडाडले. “राहिलं कसं?”

बटण अडकलं, असं तो सहज सांगू शकला असता. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

“ह्या डोळे मिटून ऐकत होत्या, मामा. मी... बघतच राहिलो.”

सगळ्यात आधी बाईच हसल्या, तेही स्वतःलाच. “आमच्या कानांची छान शोभा झाली! सोमवारी या हो तुम्ही. सातही पियानो तुमचेच.”

तिला आनंद झालाच. पण छाती धडधडत होती ती काही त्या पियानोंसाठी नव्हे. तो तिला आवडला होता, आणि आता ते स्वतःपासून लपवण्यात अर्थ नव्हता.

“चला, पुन्हा ऐकू,” मामा म्हणाले. “आणि तू बटणाकडे बघ!”

पडद्यामागे जाता जाता तो तिच्या खुर्चीपाशी रेंगाळला. “रागावलात?”

“अंहं.”

“पियानोचं... अजून किती काम राहिलंय?”

“मघाशीच संपलं.”

त्याचा चेहरा पडला.

“पण मामांना सांगू नका,” ती हळूच म्हणाली. “दुकान बंद होईपर्यंत थांबणार आहे मी... तुमच्यासाठी.”